चर्चासत्रांचा सुकाळ, नोंदींचा दुष्काळ

जानेवारी उजाडला की महाराष्ट्रातील महाविद्यालयांत पर्यावरणविषयक चर्चासत्रांचा हंगाम सुरू होतो. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते. तोपर्यंत मिळालेले अनुदान खर्ची पडावयाचे असते, आणि मूल्यांकन समितीपुढे ठेवावयाच्या अहवालात त्या वर्षी काय काय घडले याची मोजदादही द्यावयाची असते. मग कधी हवामानबदल, कधी जैवविविधता, तर कधी शाश्वत विकास असा विषय मुक्रर होतो. प्रवेशद्वारावर फलक झळकतो, दीपप्रज्वलनाऐवजी कुंडीतील रोपाला पाणी घालून उद्घाटन होते, बीजभाषणात ध्रुवप्रदेशातील बर्फ वितळत असल्याचे चित्रांसह दाखविले जाते, भोजनोत्तर सत्रात प्रत्येकी सात मिनिटांत निबंधवाचन उरकते आणि सायंकाळी प्रमाणपत्रांचे वाटप होऊन पाहुणे मंडळी परतीची गाडी गाठतात.

या चित्राची थट्टा करणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य होणार नाही. आडगावच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला एखादा नामवंत शास्त्रज्ञ प्रत्यक्ष पाहावयास व ऐकावयास मिळतो तो बहुधा अशाच प्रसंगी. एखाद्या व्याख्यानाने एखाद्या तरुणाच्या आयुष्याची दिशा बदलते, हेही नाकारता येत नाही. प्रश्न आहे तो वेगळाच. महाविद्यालयाच्या कुंपणापलीकडे जो ओढा वाहतो, जी टेकडी उजाड होत चालली आहे, ज्या विहिरी फेब्रुवारीतच तळ गाठतात, त्यांच्याविषयी गेल्या वर्षीपेक्षा यंदा त्या सभागृहात काय अधिक कळले? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी 'काहीच नाही' असे येईल, आणि हीच खरी चिंतेची बाब आहे.

व्याख्यानातून कायद्यापर्यंत

विद्यापीठातील व्याख्यानांना सामर्थ्य नसते असे इतिहास सांगत नाही. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात १९६५ च्या मार्चमध्ये व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात प्राध्यापक व विद्यार्थी यांनी रात्रभर व्याख्याने आणि वादविवाद चालविले. लोकशिक्षणाची ही नवी तऱ्हा त्या देशभर पसरली. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता बार्बाराच्या किनाऱ्यावर तेलगळती झाली, तेव्हा गेलॉर्ड नेल्सन या सिनेटरला वाटले की, युद्धाविरुद्ध जे विद्यापीठांनी केले ते प्रदूषणाविरुद्धही करता येईल. १९७० च्या मार्चमध्ये त्याच मिशिगन विद्यापीठात पर्यावरणावरील असा मेळा भरला आणि २२ एप्रिल रोजी देशभर पहिला वसुंधरा दिन साजरा झाला. त्यात अंदाजे दोन कोटी लोक सहभागी झाले आणि त्यांतील फार मोठा भाग महाविद्यालयांच्या व शाळांच्या आवारांत होता. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत पर्यावरण संरक्षणाची स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली व हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा झाला. १९७२ मध्ये जलप्रदूषणाचा कायदा आला.

हे सर्व केवळ व्याख्यानांमुळे झाले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्यामागे दशकभराची जनजागृती होती आणि राजकीय स्पर्धाही होती. तथापि व्याख्यानांनी एक गोष्ट निश्चित साधली. आपल्या शहरातील कोणता कारखाना कोणत्या नदीत काय सोडतो, हा प्रश्न श्रोता घेऊन बाहेर पडला आणि त्याचे उत्तर तो निवडून दिलेल्या प्रतिनिधीकडे मागू लागला.

सायलेंट व्हॅलीचा धडा

यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचेही कारण नाही. केरळातील पालघाट जिल्ह्यात कुंतीपुळा नदीवर धरण बांधून वीज निर्माण करण्याची योजना १९७० च्या दशकात मंजूर झाली. तिच्यामुळे सायलेंट व्हॅलीतील सदाहरित अरण्य पाण्याखाली जाणार होते. राज्याला वीज हवी होती, कामगार संघटनांना रोजगार हवा होता आणि जवळपास सर्व राजकीय पक्ष धरणाच्या बाजूने उभे होते. अशा वेळी केरळ शास्त्रसाहित्य परिषदेने १९७९ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. तो सिद्ध करणाऱ्यांत वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद होते, अभियंते होते, शेतीतज्ज्ञ होते आणि के. पी. कण्णन यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञही होते.

या अभ्यासाचे वैशिष्ट्य त्याच्या रचनेत होते. अरण्य सुंदर आहे म्हणून वाचवा, एवढेच सांगून तो थांबला नाही. विजेची गरज खरी आहे हे मान्य करून ती अन्य मार्गांनी भागू शकेल काय, धरणाचा लाभ नक्की कोणाला होईल आणि किंमत कोण मोजील, याचा हिशेब त्याने मांडला. गावोगावी झालेल्या सभांत तो हिशेब लोकांपुढे ठेवला गेला. पुढे केंद्र सरकारने नेमलेल्या मेनन समितीपर्यंत प्रश्न गेला, धरणाची योजना सोडून देण्यात आली आणि १९८४ मध्ये सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाली. महाविद्यालयीन शिक्षकांच्या हाती सत्ता नव्हती, पैसा नव्हता. त्यांच्याजवळ होती ती स्वतः गोळा केलेली माहिती आणि एकमेकांच्या विषयाची भाषा समजून घेण्याची तयारी.

पन्नास तासिकांपैकी पाच

मग महाविद्यालयांत हे सर्रास का घडत नाही? शासनाने किंवा न्यायालयाने दुर्लक्ष केले, असे म्हणता येणार नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा करण्याचा आदेश दिला. त्याची अंमलबजावणी व्हावयास आणखी दहा-बारा वर्षे लागली. विद्यापीठ अनुदान आयोगाने पुण्याचे डॉ. इराक भरूचा यांच्यासारख्या जाणकारांकडून पदवीच्या सर्व शाखांसाठी एक अभ्यासक्रम तयार करून घेतला. त्यात एकूण पन्नास तासिका होत्या. त्यांपैकी पंचेचाळीस वर्गातील अध्यापनासाठी आणि पाच क्षेत्रकार्यासाठी होत्या. परिसरातील नदी, टेकडी किंवा गवताळ रान पाहून त्याची नोंद करावी, एखादे प्रदूषित ठिकाण पाहावे, नेहमीच्या वनस्पती, कीटक व पक्षी ओळखावेत, अशी त्या पाच तासिकांची योजना होती. शंभर गुणांपैकी पंचवीस गुण या कामासाठी राखले होते.

कागदावर ही योजना सुविहित होती. परंतु पंचेचाळीस तासिकांचे ओझे वाहणाऱ्या शिक्षकाला उरलेल्या पाच तासिकांत दोनशे विद्यार्थी घेऊन नदीकाठी जाणे अशक्य झाले. मग 'प्रकल्पवही' नावाचा प्रकार रूढ झाला. ओझोनच्या थराला पडलेले छिद्र, हरितगृह परिणाम, जागतिक तापमानवाढ असे विषय, दुकानातून आणलेली चित्रे आणि आदल्या वर्षीच्या वहीवरून उतरविलेला मजकूर अशी तिची घडण अनेक ठिकाणी राहिली. विद्यार्थ्याला अंटार्क्टिकावरील ओझोन ठाऊक झाला, पण गावच्या ओढ्याचे नाव ठाऊक झाले नाही. २०२३ मध्ये आयोगाने नवा आराखडा दिला, त्यात हवामानबदलाला स्वतंत्र प्रकरण मिळाले आणि क्षेत्रकार्याचाही पुन्हा उल्लेख झाला. हा बदल स्वागतार्ह आहे. मात्र जुन्या वहीवर नवे वेष्टन चढविण्यात त्याचे पर्यवसान होणार नाही, याची हमी कोणी द्यावयाची?

शिक्षकांच्या बाजूनेही एक व्यवस्था याच दिशेने ढकलत आली. आयोगाच्या २०१० च्या नियमांनी पदोन्नतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली आणि चर्चासत्रांत वाचलेल्या निबंधांना गुण बहाल केले. त्या नियमांत पुढे फेरफार झाले, पण पडलेली सवय गेली नाही. ज्या गोष्टीला भाव मिळतो तिचे उत्पादन वाढते, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक सिद्धांत आहे. निबंधाला गुण होते. वीस वर्षे एकाच विहिरीची पातळी मोजणाऱ्याला एकही गुण नव्हता. त्यामुळे निबंध वाढले आणि विहीर न मोजलेली राहिली.

पाऊस कोठे पडला?

स्थानिक नोंदींची आज इतकी निकड का आहे, हे पाहणे अगत्याचे आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०२० मध्ये भारतीय प्रदेशातील हवामानबदलाचा सविस्तर आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सियसने वाढले. १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला आणि ही घट विशेषतः गंगेच्या मैदानात व पश्चिम घाटात दिसून आली. त्याच वेळी मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. एकूण पाऊस कमी आणि एका दिवसाचा कोसळ मात्र अधिक, असे हे विचित्र दान आहे.

संपूर्ण देशाचे किंवा मध्य भारताचे हे आकडे शास्त्रज्ञाला पुरेसे असतील. औसा किंवा माण तालुक्यातील शेतकऱ्याला ते पुरेसे नाहीत. त्याचा संसार त्याच्या शिवारात पडलेल्या पावसावर चालतो. शिवाय नुकसानभरपाईचा हक्कही पावसाच्या नोंदीशी बांधलेला आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टी मानली जाते. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई मंडळातील स्वयंचलित केंद्राच्या आकड्यावर ठरते. अशी केंद्रे राज्यात दोन हजारांहून अधिक आहेत आणि वस्ती असलेली गावे चाळीस हजारांच्या घरात आहेत. म्हणजे सरासरी वीस गावांना एक केंद्र. डोंगराच्या अलीकडे ढगफुटी व्हावी, पलीकडे केंद्रात वीस मिलिमीटरची नोंद व्हावी आणि वाहून गेलेल्या बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याने पाऊस पडल्याचा पुरावा शोधत फिरावे, हा प्रकार महाराष्ट्राला नवा राहिलेला नाही.

येथे महाविद्यालयांची संख्या ध्यानात घ्यावी. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार २०२०-२१ मध्ये महाराष्ट्रात साडेचार हजारांहून अधिक महाविद्यालये होती. गावांची संख्या तिने भागली तर एका महाविद्यालयाच्या वाट्याला जेमतेम नऊ गावे येतात. शहरांतील महाविद्यालये वगळली तरी हा आकडा आवाक्याबाहेर जात नाही. नऊ गावांत प्रत्येकी एक साधा पर्जन्यमापक बसवावा, तीन-चार विहिरींची पातळी दरमहा दोरी सोडून मोजावी, पेरलेल्या पिकांची व नव्या विंधन विहिरींची नोंद ठेवावी. आणि हे काम त्याच गावांतून रोज एस.टी.ने येणाऱ्या विद्यार्थ्यांकडे सोपवावे. यास परदेशी साहाय्य लागत नाही की प्रयोगशाळा लागत नाही. एका राष्ट्रीय चर्चासत्राच्या भोजनखर्चात हे साहित्य विकत घेता येईल.

भूजल सर्वेक्षण यंत्रणा सुमारे चार हजार निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजत आली आहे, आणि पुढे गावोगावच्या विहिरी मोजण्याचाही प्रयत्न झाला. हे काम मोलाचे आहे. परंतु पाणी किती खाली गेले एवढे कळून भागत नाही; ते कोणी, कोणत्या पिकासाठी आणि किती उपसले, हेही कळावयास हवे. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारची कीर्ती वृक्षारोपणामुळे झाली असे अनेकांना वाटते. वस्तुतः त्या गावाचे खरे वैशिष्ट्य आहे ते पाण्याच्या ताळेबंदात. पाऊस किती पडला आणि विहिरींत पाणी किती उरले हे पाहून मगच कोणते पीक घ्यावयाचे ते तेथे ठरते.

अर्थशास्त्राची अनुपस्थिती

पर्यावरणाच्या चर्चासत्रांत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र व भूगोल हे विभाग हिरिरीने भाग घेतात. अर्थशास्त्र विभाग मात्र बहुधा आभारप्रदर्शनापुरता असतो. ज्याला प्रदूषण म्हणतात ते एका पक्षाच्या उत्पादनखर्चाचा काही भाग दुसऱ्याच्या माथी मारण्याचे नाव आहे, असे अर्थशास्त्र १९२० पासून, पिगू यांच्या ग्रंथापासून सांगत आले आहे. सामाईक साधने लोक स्वतः नियम घालून सांभाळू शकतात, हे दाखविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तरीही 'झाडे लावा' या उपदेशापलीकडे जाऊन खर्चाचा व लाभाचा हिशेब मांडणारा निबंध चर्चासत्रांत क्वचितच आढळतो.

महाराष्ट्राची परंपरा याहून वेगळी होती. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी गावोगावी फिरून पाहण्या करण्याचा पाया घातला. गोदावरी व प्रवरा कालव्यांमुळे त्या टापूतील अर्थजीवनात काय फरक पडला, याविषयीची त्यांची पाहणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. सिंचनाचा लाभ केवळ सरकारच्या पाणीपट्टीवरून मोजता येत नाही, हे दाखविण्यासाठी शेतकऱ्यांच्या घरांपर्यंत जाऊन माहिती गोळा करण्यात आली. त्यांचेच चिरंजीव माधव गाडगीळ यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत परिसरविज्ञानाचे केंद्र उभारले आणि १९९० च्या दशकात पश्चिम घाटातील महाविद्यालयांचे प्राध्यापक व विद्यार्थी यांना हाताशी धरून जैवविविधतेच्या नोंदी करण्याचा प्रयोग केला. पिता अर्थशास्त्रज्ञ, पुत्र परिसरवैज्ञानिक. परंतु गावात जाऊन लोकांना विचारल्याविना निष्कर्ष काढावयाचा नाही, ही शिस्त एकच.

त्या प्रयोगातून आलेली लोक-जैवविविधता नोंदवहीची कल्पना २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या अंमलबजावणीत स्वीकारली गेली. पण पुढे काय झाले? २०१६ पर्यंत देशात अशा वह्यांची संख्या काही हजारांतच होती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून त्यानंतर दरमहा दहा लाख रुपयांच्या दंडाचा इशारा दिला, आणि पाहता पाहता ती संख्या दोन लाखांपलीकडे गेली. दंडाच्या भयाने भरलेल्या वहीत गावाचे ज्ञान कितपत उतरते, हे सांगण्यास तज्ज्ञ नको. गावाशेजारच्या महाविद्यालयाने हे काम वर्षानुवर्षे सावकाश केले असते तर ही घाई करावी लागली नसती.

निरुपद्रवी नसलेली वही

या सूचनेवर आक्षेप येतील आणि ते खोटे नसतील. शिक्षकांची असंख्य पदे रिक्त आहेत. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या, पुढील वर्षी आपण येथे असू की नाही हे ठाऊक नसलेल्या तरुण शिक्षकाकडून वीस वर्षांच्या नोंदीची अपेक्षा करणे निर्दयपणाचे आहे. तेव्हा कायम पदे भरणे ही पर्यावरण शिक्षणाचीदेखील पूर्वअट ठरते. विद्यार्थ्यांच्या मोजणीत चुका होतील हेही खरे. परंतु शेजारच्या गावांच्या आकड्यांशी ताडून पाहिल्यास त्या उघड होतात, आणि चूक शोधणे हेच तर शिक्षण आहे.

सर्वांत मोठी अडचण मात्र कोणी उघडपणे बोलून दाखविणार नाही. अशा नोंदी निरुपद्रवी राहत नाहीत. कृषिमूल्य आयोगाने आपल्या अहवालात नोंदविले आहे की, महाराष्ट्रातील चार टक्क्यांहून कमी लागवडक्षेत्रावर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे सत्तर टक्के पाणी घेतो. राज्याच्या सरासरीत हे वाक्य कोणालाच बोचत नाही. तेच महाविद्यालयाच्या वहीत गावाच्या नावासह, विहिरींच्या व विंधन विहिरींच्या संख्येसह उतरले की बोचू लागते. कारण ग्रामीण भागातील कित्येक शिक्षणसंस्था आणि साखर कारखाने यांचे नेतृत्व एकाच घरात नांदते. हिमनगावर व्याख्यान दिल्याने संस्थाचालक रुष्ट होत नाहीत. कारखान्याच्या नाल्यातील पाण्याचा नमुना घेतला की होऊ शकतात. चर्चासत्रांना दूरचे विषय प्रिय का असतात, याचे एक कारण येथे दडलेले आहे.

म्हणून हे धैर्य एकट्या शिक्षकावर सोपवून चालणार नाही. विद्यापीठाने स्वतःच्या कार्यक्षेत्रातील सर्व महाविद्यालयांसाठी नोंदींचा एकच नमुना ठरवावा, आकडे दरवर्षी विद्यापीठाच्या नावाने प्रसिद्ध करावेत, आणि पदोन्नतीच्या वेळी अशा सलग नोंदीला निबंधाइतकेच मोल द्यावे. सर्वांच्या वह्या एकदम उघडल्या म्हणजे कोणा एकाला वेगळे काढून जाब विचारणे कठीण होते. चर्चासत्रे अवश्य व्हावीत, पण त्यांत प्रथम मांडावी ती त्या परिसराची मागील वर्षाची वही. पाहुण्या शास्त्रज्ञाने भाष्य करावे ते तिच्यावर. समोर शेतकरी, ग्रामसेवक व तलाठीही बसलेले असावेत.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याने भरलेली आगगाडी लातूरला पोहोचली. पहिल्या खेपेला तिने पाच लाख लिटर पाणी आणले. स्थानकावर गर्दी झाली, छायाचित्रे निघाली आणि साऱ्या देशाने हळहळ व्यक्त केली. एखाद्या शहराचे पाणी एका रात्रीत संपत नाही. ते वर्षानुवर्षे हातहात खाली जात असते. ते जाताना मोजणारा कोणी जवळ असेल, त्याचा आकडा चारचौघांत वाचला जात असेल आणि त्याला उत्तर देणे कोणास तरी भाग पडत असेल, तर गाडी येण्याआधी काही वर्षे हाती असतात. विद्यापीठांकडे सभागृहे आहेत, शिक्षक आहेत आणि रोज गावांकडे परतणारी लक्षावधी मुले आहेत. यंदाच्या मेअखेर त्यांतील एखाद्याने दोरी घेऊन विहिरीच्या काठावर उभे राहावे आणि तो आकडा महाविद्यालयाच्या वहीत लिहावा. पुढील जानेवारीच्या चर्चासत्राला तेवढा विषय पुरेसा आहे.